पाण्यातलं मूल, काठावरचे पालक

विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीला वागणुकीचे नियम कुणी लिहून दिले नव्हते. कमरेला दोर, पाठीला पांगाऱ्याचा ओंडका नाहीतर वाळका भोपळा, आणि काठावर काका, मामा किंवा थोरला चुलतभाऊ. पोर गटांगळ्या खायला लागलं की दोर ओढायचा. शिकवणारा घरचाच असल्यामुळे त्याने कसं बोलावं, आईने विहिरीवर यावं की नाही, असले प्रश्न कुणाला पडत नसत.

क्लबात तसं नसतं. आठ-नऊ वर्षांचं मूल आठवड्याचे पाच-सहा दिवस, पहाटे उजाडायच्या आत, पोहण्याच्या कपड्यांत परक्या मोठ्या माणसांच्या ताब्यात असतं. लेनमध्ये त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी मुलंही असतात. शिवाय थकवा, चुरस, फीचे पैसे आणि आईवडिलांच्या अपेक्षा असतातच. इतकं सगळं एकत्र आल्यावर ‘सगळे समजूतदार आहेत, जमेल’ म्हणून भागत नाही. इंग्लंडमध्ये ‘स्विम इंग्लंड’ या संघटनेचं बालसुरक्षेचं धोरण ‘वेव्हपॉवर’ या नावाने ओळखलं जातं. पोहणारी मुलं, पालक आणि प्रशिक्षक यांच्यासाठी तिथे वेगवेगळ्या आचारसंहिता आहेत. आपल्याकडे प्रवेशाच्या फॉर्मच्या मागे सहसा दहा-बारा ओळी छापलेल्या असतात: टोपी सक्तीची, मौल्यवान वस्तूंची जबाबदारी क्लबची नाही, फी परत मिळणार नाही. खाली पालकांची सही. या ओळी क्लबची काळजी घेतात. मुलाच्या काळजीसाठी काय लागतं, ते या प्रकरणात पाहू.

लेनमधली रहदारी

स्पर्धेच्या तलावातली एक लेन साधारण अडीच मीटर रुंद असते. सरावाच्या वेळी तिच्यात सहा-सात मुलं सोडलेली असतात. ती एकमेकांवर आदळत नाहीत, कारण सगळी एकाच दिशेने फेरी धरतात: जाताना उजव्या दोरीलगत, येतानाही आपल्या उजव्या दोरीलगत. वेगवान मूल पुढे, मग त्याच्यापेक्षा संथ, आणि दोघांमध्ये पाच किंवा दहा सेकंदांचं अंतर. मागच्याला पुढे जायचं असेल तर तो पुढच्याच्या तळपायाला एकदा हलकेच हात लावतो. पुढच्याने भिंतीशी पोचल्यावर कोपऱ्यात सरकून वाट द्यायची. मध्येच थांबायचं नाही, दोरीला लोंबकळायचं नाही, भिंत आली की स्पर्श करून बाजूला व्हायचं म्हणजे मागून येणाऱ्याला वळायला जागा राहते.

हे नियम मुलांना पहिल्या आठवड्यात पाठ होतात. अंगवळणी पडायला वर्ष जातं, आणि तेवढा धीर धरायला हवा. तळपायाला हात लागला की ‘ए, मला मारलं’ म्हणून वळणारं मूल आणि तोच इशारा समजून बाजूला होणारं मूल यांच्यामध्ये पोहण्याचं कौशल्य सारखंही असू शकतं. दुसऱ्याला मात्र आपण लेनमध्ये एकटे नाही हे कळलेलं असतं. भिंत गाठण्याआधीच वळून फेरी कापणारं मूलही प्रत्येक लेनमध्ये एखादं सापडतं. त्याला सरांनी ओरडण्यापेक्षा त्याच्या मागच्या मुलांनी ‘भिंतीला हात लाव रे’ म्हणून सांगितलेलं जास्त लागू पडतं.

तलावाच्या टोकाला चार रंगांचे काटे असलेलं मोठं घड्याळ असतं, त्याला पेस क्लॉक म्हणतात. ‘लाल साठवर निघायचं, दर मिनिटाला एक’ एवढं सरांनी सांगितलं की पुढचं मुलाने स्वतः पाहायचं: कधी निघालो, किती सेकंदांत परत आलो, कितवी फेरी चालू आहे. बॅकस्ट्रोकमध्ये भिंतीच्या पाच मीटर अलीकडे डोक्यावर पताका टांगलेल्या असतात. त्या दिसल्यापासून आपल्याला किती हात लागतात ते मुलाने मोजून ठेवायचं, नाहीतर डोकं भिंतीवर आपटतं. मोजायची ही सवय मोठेपणी किती उपयोगी पडते याचं २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधलं उदाहरण आहे. दोनशे मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि शेवटी त्याला भिंत दिसेनाशी झाली. त्याने हात मोजत भिंत गाठली आणि १ मिनिट ५२.०३ सेकंद असा जागतिक विक्रम करून तो जिंकला. शेवटच्या फेरीत किती हात लागतात हे त्याला पाठ होतं, कारण सरावात ते मोजलेलं होतं.

दोन नियम असे आहेत की त्यांत सूट नाही. पहिला सूर मारण्याचा. जागतिक जलक्रीडा संघटनेच्या, म्हणजे पूर्वीच्या फिनाच्या, नियमांनुसार स्टार्टिंग ब्लॉक जिथे बसवलेले असतात तिथे भिंतीपासून सहा मीटरपर्यंत किमान १.३५ मीटर खोल पाणी लागतं. आपल्या कित्येक तलावांची उथळ बाजू तीन-साडेतीन फुटांची असते. तिथे डोक्यावर सूर मारणाऱ्या मुलाची मान मोडू शकते. म्हणून सूर सरांनी दाखवलेल्या टोकावरूनच, आणि ते समोर असतानाच.

दुसरा नियम पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजेबद्दल. ‘खाली कोण जास्त वेळ राहतो’ हा खेळ सराव संपल्यावर हमखास सुरू होतो, आणि तो चांगलं पोहणाऱ्या मुलांनाच जास्त धोक्याचा आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. पैज लावण्याआधी मुलं भराभर खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र बराच बाहेर पडतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी गुदमरल्यासारखं वाटतच नाही आणि मूल एकाएकी बेशुद्ध होतं. ते हातपाय झाडत नाही, ओरडत नाही. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, अजून पैज चालू आहे. स्पर्धेत फ्रीस्टाइल, बॅक आणि बटरफ्लायमध्ये पंधरा मीटरपर्यंत पाण्याखालून जाता येतं, त्यामुळे पाण्याखालच्या किकचा सराव करावाच लागतो. पण तो सर पाहत असताना, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन. पैज कधीच नाही, हे घरीसुद्धा स्पष्ट सांगितलेलं असावं.

आता आंघोळीविषयी. पोहण्याआधी शॉवरखाली उभं राहा म्हटलं की मुलं डोक्यावर चार थेंब घेऊन पळतात. कारण सांगितलं तर ऐकतात, हा अनुभव आहे. तलावाचा जो उग्र वास आपण क्लोरीनचा समजतो तो बहुतांशी क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवी यांतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ती तयार होतात. डोळे लाल होणं, बंदिस्त तलावात खोकल्याची ढास लागणं, हा प्रताप त्यांचा. शिवाय घामाशी झगडण्यात खर्च झालेला क्लोरीन जंतू मारायला उरत नाही. म्हणजे पाण्यात लघवी करणारं मूल शेजारच्या लेनमधल्या दमेकरी मुलाला त्रास देत असतं, इतका हा सरळ संबंध आहे.

याच मुद्द्यात पालकांचाही वाटा येतो. जुलाब होत असलेल्या मुलाला ‘उद्या निवड चाचणी आहे’ म्हणून गोळी देऊन पाठवणं हा तलावातल्या सगळ्या मुलांवर अन्याय आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनच्या पाण्यात आठवड्याहून जास्त तग धरतो. त्याचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये, असं सांगितलं जातं. निवड चाचण्या पुन्हा होतात.

कठड्याशी उभा असलेला बाबा

कुठल्याही क्लबात पाहायला मिळेल असा एक प्रसंग सांगतो. पंचवीस मीटरच्या तलावात आठ पन्नासचा सेट चालू आहे, दर मिनिटाला एक. अकरा वर्षांची मुलगी शेहेचाळीस सेकंदांत भिंतीला लागते. तिच्याकडे चौदा सेकंद आहेत. सरांनी या सेटमध्ये फक्त किककडे लक्ष द्यायला सांगितलंय, हातांचं नंतर बघू म्हणालेत. ती गॉगल वर करते आणि घड्याळाकडे न बघता कठड्याकडे बघते. तिथे बाबा मोबाइलचं स्टॉपवॉच हातात धरून उभे आहेत. ते कोपर उंच करून दाखवतात, मग दोन बोटं दाखवतात: दोन सेकंद जास्त लागले. मुलगी मान डोलावते. वळून बघते तोवर लाल काटा साठ ओलांडून गेलेला असतो. ती तीन सेकंद उशिरा निघते, मागचा मुलगा पुढच्याच फेरीत तिच्या पायांना लागतो, आणि आता ती कोपराचा विचार करते आहे, किकचा नाही.

बाबांनी आवाज चढवलेला नाही, कुणाचा अपमान केलेला नाही. तरी त्या मुलीचा सेट वाया गेला. मुलाच्या शरीराला एका वेळी एकच गोष्ट बदलता येते, आणि कोणती ती कोचने ठरवायची असते. स्ट्रोक सुधारत असताना टाइम काही आठवडे बिघडतो, कारण जुनी सवय मोडलेली असते आणि नवी बसलेली नसते. कठड्यावरून फक्त टाइम दिसतो. म्हणून पालकांच्या आचारसंहितेत एक कलम हवंच: सराव चालू असताना मुलाला सूचना द्यायच्या नाहीत, खुणांनीसुद्धा नाहीत. कोचशी बोलायचं असेल तर वेळ ठरवून, सराव नसताना, मुलासमोर नाही. ‘सर, आमच्या मुलाला पुढच्या लेनमध्ये कधी टाकणार?’ हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. सराव चालू असताना काठावर जाऊन तो विचारला, तर तेवढा वेळ पाण्यातल्या वीस-पंचवीस मुलांवरची सरांची नजर हटते, हे गैर आहे.

मुलाकडेही काही गोष्टी सोपवाव्या लागतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने आपली बॅग आपण भरावी: टोपी, जादा गॉगल, टॉवेल, पाण्याची बाटली. उद्या येणार नसेन तर सरांना तोंडाने सांगावं. टोपी विसरली म्हणून एक दिवस काठावर बसून राहावं लागलं तर बसू द्यावं. आईने धावत जाऊन टोपी आणून दिली की पुढच्या वेळी ती आईनेच विसरलेली असते.

स्पर्धेच्या दिवशी हे सगळं कसाला लागतं. रेफरीची आखूड शिट्यांची माळ, मग एक लांब शिटी, मुलं ब्लॉकवर चढतात आणि तलावावर शांतता होते. ती शांतता पाळणं प्रेक्षकांचं काम आहे, कारण इशाऱ्याआधी हललेलं मूल बाद होतं, त्याला दुसरी संधी नसते. सुरुवातीचा इशारा आवाजाबरोबर प्रकाशानेही देतात, म्हणून फ्लॅश मारून फोटो काढायचा नाही. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये वळताना व शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. लहान मुलं इथेच जास्त बाद होतात, आणि इथेच पालक पंचांवर धावून जातात. हरकत नोंदवण्याची रीत ठरलेली आहे: संघाच्या व्यवस्थापकाने, शर्यत संपल्यापासून तीस मिनिटांच्या आत, लेखी, अनामत रकमेसह. त्यात पालकांना जागा नाही, आणि ते योग्यच आहे. पंचाशी हुज्जत घालणाऱ्या वडिलांकडे बघत उभ्या असलेल्या मुलाला बाद झाल्याचं दुःख राहत नाही, शरम वाटते.

इंग्लंड-अमेरिकेत एक प्रथा आहे, ती आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं. तिथे पालकांकडून स्पर्धेच्या दिवशी कामाची अपेक्षा असते, बहुतेक वेळा घड्याळ लावण्याची. हाताने वेळ घेताना एका लेनला तीन घड्याळं असतात. दोन जुळली तर ती वेळ धरतात, तिन्ही वेगळी निघाली तर मधली. अर्धा दिवस लेनच्या टोकाशी, अंगावर पाणी उडत असताना हे काम केलेल्या आईला किंवा वडिलांना दोन गोष्टी कळतात. एक, पंच कुणाच्या वाईटावर टपलेले नसतात. दोन, आठव्या क्रमांकावर आलेली मुलंही आपल्या मुलाइतकीच धाप लागून भिंतीला चिकटलेली असतात.

परतीच्या वाटेवरची चर्चा टाळा. स्कूटरवर मागे बसलेल्या, केस अजून ओले असलेल्या मुलाला शर्यतीचं विश्लेषण नको असतं, त्याला खायला हवं असतं. त्याला बोलायचं असेल तर ते आपणहून बोलेल.

वयाचा घोळ

किशोरवयात दोन मुलांच्या जन्मतारखा सारख्या असल्या तरी शरीरं सारखी नसतात. बारा वर्षांचा एक मुलगा पाच फूट सात इंच असतो आणि दुसऱ्याला मिसरूड फुटायला दोन वर्षं असतात. मुली आधी वाढतात, त्यामुळे अकराव्या वर्षी सगळ्यांना मागे टाकणारी मुलगी चौदाव्या वर्षी तिथेच अडकलेली दिसू शकते. तिने मेहनत कमी केलेली नसते. इतर मुली वाढून तिच्याबरोबर आलेल्या असतात. ‘आधी जिंकायचीस, आता काय झालं?’ हा प्रश्न या वयात फार लागतो. तिच्या वजनावर बोलण्याचा तर अधिकार कुणालाच नाही, कोचला नाही, आत्यालाही नाही.

या फरकाचा फायदा उठवण्यासाठी काही पालक जन्मदाखलाच बदलून आणतात. वयचोरी ही भारतीय क्रीडाक्षेत्राला लागलेली जुनी कीड आहे. २०१० मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाला तिच्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणावी लागली, त्यावरून ती किती पसरली होती हे समजावं. या फसवणुकीची कुऱ्हाड आधी दुसऱ्याच्या मुलावर पडते आणि मग आपल्या. तेरा वर्षांच्या पोराला अकराच्या गटात जिंकायची सवय लागते आणि खऱ्या वयाच्या मुलांशी गाठ पडली की ते पोहणं सोडून देतं. शिवाय घरच्यांनी आपल्याला खोटं बोलायला लावलं हे त्याला माहीत असतं.

पैशाची चढाओढ हाही त्यातलाच प्रकार. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने १ सप्टेंबर २०२० पासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना स्पर्धेत महागडे तांत्रिक पोशाख घालायला बंदी केली. कोवळ्या वयात शर्यत पोहण्यावर ठरावी, पोशाखावर नाही, हा त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो.

घाई करणाऱ्यांनी कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची कारकीर्द पाहावी. सतराव्या वाढदिवसाला काही दिवस उरले असताना तो २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकून त्याने जलतरणातला भारताचा चोवीस वर्षांचा पदकांचा दुष्काळ संपवला. मग तहसीलदाराची नोकरी सांभाळत तो पुन्हा पाण्यात उतरला, आणि २०१८ मध्ये जकार्ताला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. बीजिंगनंतर दहा वर्षांनी, सव्विसाव्या वर्षी, तो आशियात चौथा होता. अकराव्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेवरून मुलाचं भवितव्य ठरवणाऱ्यांनी ही दहा वर्षं लक्षात घ्यावीत.

दूर राहा, डोळे उघडे ठेवा

इथपर्यंत पालकांना मागे सरायला सांगितलं. आता त्याच्या उलट दिशेचं, आणि या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं. तंत्र कोचवर सोपवायचं असतं, मुलाची सुरक्षितता कुणावरच पूर्ण सोपवायची नसते.

सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यातल्या एका जलतरण प्रशिक्षकावर अल्पवयीन शिष्येच्या विनयभंगाचा आरोप झाला. त्या प्रकाराचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरला, गोवा जलतरण संघटनेने त्याला काढून टाकलं, गोवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि त्याला दिल्लीत अटक झाली. तत्कालीन क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी त्याला देशात कुठेही काम मिळू नये असं भारतीय जलतरण महासंघाला बजावलं. अमेरिकेतही २०१० मध्ये प्रशिक्षकांच्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं दूरचित्रवाणीवर आल्यानंतर तिथल्या जलतरण संघटनेने सुरक्षिततेचा स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला. जे नियम आज आपल्याला अतिरेकी वाटतात ते असल्या अनुभवांतून आलेले आहेत.

तिथला मुख्य नियम साधा आहे: मोठं माणूस आणि मूल एकटे बोलत असतील तर तिसऱ्याला दिसेल आणि हवं तेव्हा मध्ये येता येईल अशा जागी. कोचचा मुलाला मेसेज जायचा असेल तर त्यात पालकही असले पाहिजेत. बाहेरगावच्या स्पर्धेत कोच आणि मूल एका खोलीत राहत नाहीत. कपडे बदलायच्या खोलीत मोबाइलचा कॅमेरा उघडायचा नाही, मुलांनीही नाही. मालिश हवी असेल तर दार उघडं आणि दुसरं मोठं माणूस हजर. चांगल्या कोचला यातलं काहीही जाचक वाटत नाही. उलट खोट्या आरोपापासूनही त्याचं यातूनच रक्षण होतं.

मुलाला एक गोष्ट लहानपणीच सांगून ठेवावी. स्ट्रोक शिकवताना सर हात धरतील, खांदा वळवून दाखवतील. ते सगळ्यांसमोर असतं आणि का धरलं ते सांगितलेलं असतं. ज्या स्पर्शाबद्दल ‘घरी सांगू नकोस’ असं बजावलं जातं, तो घरी सांगायचाच. सांगितल्यावर पोहणं बंद होईल ही भीती मुलांना गप्प ठेवते, म्हणून ‘तू सांगितलंस तर तुझं पोहणं थांबणार नाही’ हेही आधीच सांगून ठेवावं.

कायदा पालकांच्या बाजूने आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार कळलेल्या कुणालाही तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे, त्यामुळे ‘नाव होईल’ या भीतीने गप्प बसायचं कारण नाही. या कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. त्यात क्रीडा अकादमींचा स्पष्ट उल्लेख आहे. मदतीसाठी १०९८ हा मुलांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

उन्हाळी बॅचचे फॉर्म भरायला जाल तेव्हा काउंटरवर तीन प्रश्न विचारा. कोच आणि जीवरक्षक यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? तक्रार घ्यायला कोच सोडून दुसरं कोण आहे, त्यांचं नाव आणि नंबर कुठे लावलाय? बाहेरगावी मुलींबरोबर बाई कोण जातात? उत्तरं लेखी मागा. ती देता येत नसतील, तर तलाव कितीही चांगला असो, त्या फॉर्मवर सही करू नका.